साफ केलेल्या पाण्यातली गोळी

बाबा,

आपल्या मोरी-संडासचं पाणी साफ करून जिथून नाल्यात सोडतात, तिथल्या माह्या नमुन्यात शुगरच्या गोळीचं औषध सापडलं. तुम्ही घेता तीच गोळी. माह्या प्रोजेक्टचे सर फोनवर खुशीनं ओरडलेच. मी चहा न पिताच त्यांच्या लॅबमध्ये नागपूरले चालली. फ्रिजमधल्या लाल झाकणाच्या बाटल्या त्याच पाण्याच्या आहेत, तोंडाले लावू नका.

सर म्हणे, औषध लघवीतून उतरते, पण कोणी गोळी सरळ संडासात टाकत तर नसन? मी म्हटलं, असं कोण करते. मंग आठवलं, आईनं गोळी दिली का तुम्ही लगेच तिकडंच जाता. मी आईले हे सांगतलं नाई. केळझरच्या आत्याले वाटते गोळीनं किडनी जाते, ते आपण डॉक्टरले विचारू.

आजची गोळी मात्र तुमच्या पोटातून पाण्यात येऊ द्या.

पौर्णिमा