पांढऱ्या कपाळाचा हंस

अण्णा, परवा आईनं तुमची दुर्बीण भंगारात घालायला काढली होती. मी एकदम ओरडले तिच्यावर. एवढं काय झालं म्हणून ती बघतच राहिली आणि मला काही सांगता येईना. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

वडूजच्या पलीकडच्या तलावावर थंडीत हंस आणि बदकं उतरायची. तुम्ही गुरांच्या दवाखान्यात शिपाई, शिक्षण सातवी, पण पाखरांच्या बाबतीत कुणाचं ऐकायचा नाहीत. दर रविवारी मला सायकलवर डबलसीट घेऊन निघायचात. मी एखादं बदक ओळखलं की तुमचं ठरलेलं, "न्हाई. नीट बघ." बरोबर असलं तरी तेच. मला त्याचा लय राग यायचा.

तो रविवार शहाण्णव-सत्त्याण्णवच्या थंडीतला असेल, मी बारावीत होते. आईनं विणलेला लाल स्वेटर तुम्ही काठावरच काढायला लावलात, "लाल बघून पाखरं उठत्यात." मी कुडकुडत बाभळीमागं बसले आहे. समोर डोक्यावर काळे पट्टे असलेले नेहमीचे हंस चरताहेत आणि त्यांच्यात एक वेगळाच. कपाळ पांढरं, पोटावर काळे फराटे, पाय नारिंगी. तुम्ही दुर्बीण माझ्याकडं देता. "बघ गं. असला हितं कवाच आला न्हाई." मी बघते. अगदी स्पष्ट बघते, अण्णा.

तासाभरानं सांगलीचे एक डॉक्टर आणि त्यांची पक्षी बघणारी मंडळी जीपमधून आली, तोवर थवा उठून गेला होता. तुम्ही सांगितलंत. डॉक्टर हसले. "तो हंस इकडे येत नाही हो. आणखी कुणी पाहिला असेल तर लिहून घेतो." तुम्ही माझ्याकडं वळलात. "आगं, तू सांग की सायबांस्नी. दिसला न्हवं?"

"मला नाही दिसला," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वही मिटली. चष्मा बदला आता, असं कुणीतरी म्हणालं आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात. ते हसणं मला अजून सोसत नाही. परतताना चढाला सायकल हातात धरून चालत राहिलात. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी तुम्ही गेला नाहीत, आणि नंतर कधीच नाही. चार हिवाळे तसेच गेले. शेवटच्या दुखण्यात मी पायांना तेल चोळत असताना म्हणालात, "मलाच भास झाला असंल त्यो." तेव्हाही मी चोळतच राहिले.

हे आईला वाचून दाखवणार नाही. स्वेटरवरून रुसले होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते खरं नाही. जन्मात पहिल्यांदा तुमचं माझ्यावाचून अडलं होतं आणि ते मला गोड वाटलं. अजून थोडं अडू दे, म्हणून नाही म्हणाले. वाटलं, तुम्ही पुन्हा विचाराल. तुम्ही विचारलंच नाहीत.