झोयाच्या कॅसेटमधील खटक्यांबाबत खुलासा

प्रति,
मा. न्यायाधीश महोदय (पालकत्व दावे),
जिल्हा न्यायालय, रत्नागिरी.

अर्जदार (मूळ अर्जात सामनेवाले क्र. १) : शरीफुन्निसा रहिमतुल्ला मुकादम, सनाबिस, बहरीन.

विषय : कु. झोया, वय ७, हिला जूनमध्ये आईच्या भेटीसाठी हजर करण्यातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : पालकत्व अर्ज क्र. ४१/९६, अंतरिम आदेश दि. ७ ऑक्टोबर १९९६.

महोदय,

"मम्मी, अगेन? लास्ट मंथलाच बोलले ना मी!" टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढला की आमच्या घरी अशी कुरकुर होते. भेट होईपर्यंत मुलीच्या आवाजाची कॅसेट दरमहा आईला पोचवावी, असा आपला आदेश आहे. सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या बॅगेतून ती आम्ही न चुकता आईच्या गावी, कर्ल्याला धाडतो.

१. झोयाची आई जमीला ही माझी धाकटी बहीण. १९९१ साली तिचा नवरा होडीसकट गेला आणि तिला क्षयाने धरले. मूल सव्वा वर्षाचे. मी सुट्टीवर होते, घेऊन आले. इकडे व्हिसावर भाची चालत नाही, म्हणून माझ्या पासपोर्टवर तिचे नाव मुलगी म्हणून घातले. गल्फमध्ये असे करणारी मी पहिली नव्हे. हा बचाव नाही, माहिती आहे. तेव्हापासून झोया मला मम्मी म्हणते आणि जमीलाला खाला, म्हणजे मावशी.

२. जमीलाच्या वकिलांनी चौथ्या कॅसेटमध्ये बटण दाबल्याचे अकरा खटके मोजले व आपल्यापुढे ठेवले. खुलासा असा : एक खटका कुकरच्या शिट्टीचा, एक दारावर शेजारच्या अरुणाताई आल्या त्याचा. उरलेले नऊ, मुलगी बोलता बोलता मला मम्मी म्हणाली त्याचे. बहिणीला ते ऐकायला लागू नये एवढाच हेतू होता. निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

३. आदेशात "मुलीचे हित" हे शब्द सहा वेळा आहेत. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पुढचे वाचन रद्दीतल्या पेपरांवर झाले, म्हणून मोजून पाहिले. आमच्या घरी हित दूध, गृहपाठ आणि उवांची फणी या रूपात येते. ते सगळे मी केले, याला साक्षीदार देता येतील.

४. जमीलाची उलट कॅसेट मार्चमध्ये आली. त्यात ती म्हणते, "झोये, कशी हाइस गो? म्होरचा दात पडला ना तुजा? टाकू नुको, माज्यासाठी ठेव." दात पडल्याचे आम्ही कोणीही कळवले नव्हते. झोयाच्या बोलण्यातून हवा सुटत होती, त्यावरून तिने ओळखले. मी रोज त्याच तोंडात घास घालते, पण माझ्या कानाला ती हवा लागली नव्हती. झोयाने विचारले, "खाला रडते का? शी इज ओन्ली आंटी, नो?" मी सांगितले, तिला सर्दी झाली आहे. महोदय, सात वर्षांच्या मुलीला हे पटले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापासून ती काहीच विचारत नाही.

५. जूनमध्ये शाळेची परीक्षा असते, असे कारण मी आधी लिहिले होते. परीक्षा मार्चमध्येच झाली, म्हणून ते खोडले आहे. प्रवासात मुलीला उलट्या होतात, हे खरे आहे. पण उलट्या थांबतात. खरे कारण हेच, की ती एकदा तिथे गेली की परत येण्याचा हट्ट करील की नाही, याची मला खात्री नाही.

६. या अर्जावर सामनेवाले क्र. २, म्हणजे माझे यजमान, यांचीही सही लागते. ते इथल्याच मआमीर भागातल्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत आणि घरात फार बोलत नाहीत. आज शिफ्टवरून आल्यावर त्यांनी मजकूर दोनदा वाचला व पेन खाली ठेवले. म्हणाले, "शरीफा, ह्यात दात हाय, कुकर हाय, उवा पण हायत. एकच गोष्ट नाय. ती घाल, मग सही." त्यांनी सांगितले तसे, त्यांच्याच शब्दांत घालत आहे :

"जमीला त्र्याण्णव साली बरी झाली. तिने तीन पत्रां घालून पोर मागितली. आपण दिली नाय."

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही) शरीफुन्निसा र. मुकादम, सामनेवाले क्र. १
(सही) रहिमतुल्ला मुकादम, सामनेवाले क्र. २

सनाबिस, दि. २ मे १९९७