चुंबळ, परात आणि मिटलेले डोळे

पालेंके, ४ मार्च १९७९

चि. एवारिस्तो यास,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, यंदा निम्माच. वि. वि.

शाळेत मी जेमतेम दोन वर्षं गेले, तेवढ्या अक्षरांत तुझी खरडपट्टी काढते आहे. सोसून घे. डुकरीण व्याली. एक पिलू अगदी तुझ्यासारखं, ठेंगणं आणि भांडखोर.

तर माझा नातू. तुझ्या बॉक्सिंगच्या आखाड्यात धाडला तेव्हा नेफ्ताली ओढ्यावरच्या ओंडक्यावरून पळत जायचा. कार्निव्हलला आला तर अंधारात भिंत चाचपत चालत होता. तोंड धुताना डोळे मिटले की पाण्याचं पिंप धरतो. तू म्हणतोस, कानात पाणी गेलंय. तीन महिने? बदकाच्या कानात राहत नाही इतकं. डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन पोराचा तोल गेलाय, आणि तू त्याला पुन्हा लढतीला उभा करतोस.

लढतीआधी त्याला इथे आण. माझी वड्यांची परात डोक्यावर घेऊन तो दारापासून देवळापर्यंत गेला, तर मी स्वतः कार्ताहेनाला येऊन तुझ्या नावाचा जयजयकार करेन. पडली, तर पोरगा माझा.

माया उरली असली तर कळव, नसली तरी कळव.
तुझी (अजून तरी) बहीण,
दोरोतेआ


कार्ताहेना, ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी पोरांना ठोसे मारायला शिकवतो, गल्लोगल्ली खोबऱ्याच्या वड्या विकायला नाही. डोक्यावर मार बसणारच. मी तुझ्या नातवापेक्षा दुप्पट खाल्ला, मला काय धाड भरली? तुम्ही बायकांनी पदराखाली धरून तो पोरगा नासवला. तरी येतो रविवारी. परात तोच काय, मीही नेऊन दाखवतो, अख्ख्या गल्लीसमोर. मग मात्र तोंड मिटायचं.

डुकरिणीचं वाचून नेफ्ताली खूश झाला. त्याचा नमस्कार.

आशीर्वाद अर्धा दिलास, मीही अर्धाच वाकलो आहे.
तुझा भाऊ,
एवारिस्तो


पालेंके, २० मार्च

चि. एवारिस्तो यास,
आशीर्वाद, आज पुरेपूर. वि. वि.

न जेवता ट्रकवर चढून पळालास. तुझ्या वाटचा मासा शेजारच्या फिलोमेनाने खाल्ला, वर काटा लागला म्हणून मलाच शिव्या. असो. मी इतकी खूश आहे की रविवारपासून चुलीपाशी नाचते आहे.

डोळे उघडे असताना पोरगा नीट चालला. तू सगळ्यांकडे बघत मिशीला पीळ देत होतास. मग मी त्याला डोळे मिटायला सांगितलं. आपल्याकडे परात धरायला शिकणाऱ्या पोरीला पहिला धडा हाच, उगाच माझ्यावर आळ घेऊ नकोस. परात पडली. वड्या धुळीत, कोंबड्यांचा सण. तू म्हणालास, ही म्हातारीची लबाडी आहे, हे कुणालाच जमायचं नाही, आणि चुंबळ हिसकावून स्वतःच्या डोक्यावर ठेवलीस. परात ठेवलीस. डोळे मिटलेस.

पाऊल उचलायच्या आधीच उभ्याचा आडवा झालास, करवतलेल्या झाडासारखा.

गल्ली हसली. मी सगळ्यात जास्त. नेफ्ताली तेवढा हसला नाही. त्याने तुला उठवलं, पाठ झटकली आणि हळूच म्हणाला, “आजोबा, आत्ता तर तुम्हाला कुणी मारलंच नव्हतं.”

तू त्याच्याकडे पाहिलंस आणि न भांडता ट्रकची वाट धरलीस. जन्मात पहिल्यांदा.

तुझी पिशवी उघडशील तेव्हा त्याचे बॉक्सिंगचे हातमोजे सापडतील. त्यानेच ठेवले. चुकून आले असं समजू नकोस, परत पाठवू तर मुळीच नकोस. तो इथे डुकराच्या पिलांमागे धावतो, मधूनच कुंपण धरतो, पुन्हा धावतो. रोज सकाळी रिकामी परात घेऊन माझ्यामागे चालतो.

मी दुसरी चुंबळ वळून ठेवली आहे, जरा मोठ्या डोक्याची. हिंमत असेल तर ये. भित्रा कुठला.

माझ्यावर राग धरलास तर घट्ट धर. निदान काहीतरी धरून उभा राहशील.
तुझी जिंकलेली बहीण,
दोरोतेआ