पाण्याच्या खात्यातली पोरगी

आक्का,

जिती होतीस तेव्हा तुझा फोन उचलायचा मला कंटाळा, आणि आता बसलोय लिहायला. कारण आज सकाळी खाडीच्या टोकाचं तुझं घरटं उकरलं. कासवाचं एकही पिल्लू निघालं नाही. सगळी अंडी कुजलेली. ती कुजवली आपल्या अप्पांनी. हे तुला दुसरं कोण सांगणार?

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण अप्पांवर नको. दोष तुझा आहे!

घरी काय सांगितलं होतंस तू? "पाण्यावर संशोधन करते." बस्स! समुद्र म्हणाली नाहीस, कासव म्हणाली नाहीस. कावून? ऊसतोड्याची पोरगी कासवाची अंडी राखते म्हणून आपल्या युसूफ वडगावच्या बाजारात लोक हसले असते, एवढंच ना? हसले असते आणि विसरले असते. त्याऐवजी अप्पांनी गावभर केलं, "आमची पोरगी पाण्याच्या खात्यात हाय." मग त्या दुष्काळात आपल्या दारात माणसं यायला लागली. "अप्पा, लेकीला सांगून वस्तीवर एक टँकर जास्तीचा पाठवा की!" अप्पा म्हणायचे, "सांगतो. लई काम असतंय तिला." मी फोनवर हे सांगितलं तर तू हसलीस. हसण्यासारखं काय होतं त्यात?

तेव्हा मी मांजरसुंब्याला ढाब्यावर कामाला होतो. तिथला एक ड्रायव्हर समुद्र खारट असतो हे मानायलाच तयार नव्हता. "एवढं मीठ टाकतंय कोण बे?" म्हणायचा. जाऊ दे, विषय कुठं गेला बघ.

तुला ते विषारी जनावर, फुरसं, चावलं तेव्हा दवाखाना खाडीपलीकडं होता आणि अलीकडं मच्छीमार सोसायटीची मोटारबोट उभी होती. तिची चावी चेअरमनकडं, आणि चेअरमन लग्नाला! किनारा राखणाऱ्या बाळादादांनी साध्या होडीतून तुला नेलं, भरतीच्या उलट वल्हवत. उशीर झाला. अगं, कारखान्याचा चेअरमन असो का मासळीचा, सहकाराची चावी एकाच खिशात राहते, हे शिकायला एवढ्या लांब यायची काय गरज होती? ते उसाच्या फडावरच कळलं असतं. शोकसभेत त्याच चेअरमननं तुझ्या फोटोला हार घातला. मग मला चहा दिला. मी प्यायलो.

तेरावं झाल्यावर अप्पा म्हणाले, "पोरीचं कामाचं ठिकाण बघायचंय." मी त्यांना इथं आणलं, तर ते राहिलेच, तुझ्याच खोलीत. समुद्र पहिल्यांदा बघून काय म्हणाले सांगू? "एवढं पाणी! आन् पोरीनं एक टँकर न्हाई पाठवला." हसत नव्हते ते.

बाळादादांनी त्यांना टोकाचं घरटं दाखवलं. "हे ताईंनी शेवटचं राखलेलं." बस्स, एवढंच. संशोधनवाल्या बाईच्या बापाला आणखी काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. मला वाटलं, त्यांनी सगळं सांगितलंच असेल. आणि अप्पांना दिसलं काय? वाळूत बुजवलेला खड्डा, भोवती जाळी, वर तुझ्या अक्षरातली पाटी, नुसती तारीख लिहिलेली. आपल्या माळावर जाळी लावलेला खड्डा म्हणजे लावलेलं झाड! उन्हाळ्यात झाड पाण्यावाचून जगलेलं आपल्याकडं कुणी बघितलंय?

आता कळतंय, रोज दुपारी सगळे आडवे झाले की अप्पा गावच्या विहिरीचं गोडं पाणी कळशीनं नेऊन तिथं ओतत होते. वरची वाळू उन्हानं लगेच सुकायची, ओल खाली अंड्यांत मुरायची. बाळादादा जायचे पहाटे, त्यांना काय दिसणार?

आज उकरताना ते थबकले. "भरती इथवर येत नाही, मग वाळू भिजली कशी रे?" मी काही बोलणार तोवर मागून अप्पा आले, खांद्यावर भरलेली कळशी. बाळादादा समजले. चटकन त्यांनी खड्ड्यात वाळू लोटली.

"काढलं व्हय?" अप्पा म्हणाले. "लागलं न्हाई का?"

"नाही लागलं, अप्पा," बाळादादा म्हणाले.

"वाळूच हाय ही. पाणी ठरतच न्हाई. पुढच्याला दोन कळशा घालतो."

पुढचं म्हणजे वरच्या अंगाचं घरटं. ते अजून भरलेलं आहे आणि अप्पांनी ते हेरून ठेवलंय!

बाळादादा मला म्हणतात, "सांगू नको रे, म्हातारा खचेल. जाळी उंच करून कुलूप लावू." पण आक्का, पोरीच्या कामाला कुलूप बघून ते काय समजतील? तू एकदा खरं सांगितलं असतंस तर हे माझ्यावर आलं असतं का? ते झाड नव्हतं, अंडी होती. खातं पाण्याचं नव्हतं. टँकर कधी तुझ्या हातात नव्हताच. त्यांच्याजवळ तुझं म्हणून जे काही उरलंय, ते मी माझ्या तोंडानं मोडायचं?

मोडतो. उद्या ते कळशी घेऊन निघायच्या आत सांगतो. सांगून झाल्यावर मला उठून कुठल्याही ट्रकवर चढून पळावंसं वाटेल. पळणार नाही. ते बोलेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहीन. हा शब्द तुला.

अजून रागातच असलेला,
तुझा दत्ता