गाण्यांचे अभ्रे

प्रिय नवी,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल, म्हणून ते आधीच सांगून टाकते. गेले काही महिने फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला 'हो हो' म्हणतेस. परवा मी विचारलं, गुडघा कसा आहे? 'हो हो.' जेवलीस का? 'हो हो.' मग मी मुद्दाम म्हटलं, नवी, मी सगळ्या घराला जांभळा रंग देतेय. त्यावरही 'हो हो, छान.' अगं, लोकांच्या कानाला यंत्र लावून 'आवाज आला की बटण दाबा' म्हणत दिवसभर बसायची नोकरी आहे माझी. ऐकू न आलेल्या माणसाचं 'हो हो' मला लांबूनही ओळखू येतं. तुझ्या भावाच्या घरी कुणाच्या लक्षात आलं नसेल, आणि तू काही आपणहून सांगणारी नाहीस. पत्राचं बरं असतं, ते वाचावंच लागतं.

रंग खरंच द्यायचाय, पण जांभळा नाही. पुढच्या खोलीतल्या त्याच भिंतीला पुन्हा ओल आली आहे. रंगारी म्हणाला, कपाट हलवा, नाहीतर मागचं पोपडलेलं काढता येणार नाही. म्हणून धाकटा आणि मी त्यातल्या गाण्यांच्या सगळ्या तबकड्या काढून पलंगावर मांडल्या. पलंग भरला, मग खुर्च्या भरल्या. धाकटा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "थोरले, या ठेवायच्या कशाला? बाबा नाहीत, नवी गेली, आणि तू तर लावतच नाहीस." खरं होतं ते. बाबा जाऊन वर्ष होत आलं, त्यात मी एकदाही सुई टेकवली नव्हती. का, ते पुढे सांगते.

बाबा गेल्यावर तू भावाकडे निघालीस त्या दिवसाचं धाकट्याने मला आत्ता आत्ता सांगितलं. टेम्पोत शिवणाचं मशीन चढवताना त्याने तुला विचारलं म्हणे, की अशी कशी जातेस, घर तुझंच आहे. तर तू म्हणालीस, "त्या घरात माझं काय आहे रे? मशीन तेवढं माझं, ते नेते." मला त्याने हे इतके महिने सांगितलं नव्हतं. मी तुला तबकड्यांचं विचारलं, तेव्हाही तू कपाटाकडे न बघता म्हणालीस, "त्या तुझ्या आईच्या. मला काय विचारतेस?" मला वाटलं, दुःखात आहे, बोलली असेल काहीतरी. पण तू ते दोनदा बोललीस, दोघांशी वेगवेगळं. म्हणजे ते पुष्कळ दिवस आत होतं.

तर धाकट्याने जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराला बोलावलं. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, बोटं अगदी स्वच्छ. जिने चढून धापा टाकत आला आणि पाणीही न पिता पलंगाशी गेला. पहिला अभ्रा उचलून त्याने आतली तबकडी अलगद बाहेर काढली, कडांना तळहात लावून, अगदी बाबा धरायचे तशी. मला उगाच बरं वाटलं. मग त्याने मधला गोल बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "लेबल?" नाही, म्हटलं. "मूळ कव्हर?" तेही नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. "एकीलाही नाही? मग आत काय आहे, ते मी गिऱ्हाइकाला कसं सांगू?"

धाकटा म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? ही निळी चौकडी, म्हणजे बासरी. ही खाकी, म्हणजे तो जाड आवाजाचा गवई, घसा साफ करतोय की गातोय तेच कळत नाही तो. हा पडदा, म्हणजे खूप लांब चालणारं ते." मी म्हटलं, "पडद्यात ती नाकात गाणारी बाई आहे रे गाढवा, लांब चालणारं ते उशीत आहे." "उशीत पियानो आहे." "पियानो छत्रीत!" आमचं असं जुंपलं, की दुकानदार खुर्चीवरची थप्पी बाजूला करून बसला आणि त्याने चहा मागितला. छत्रीतली तबकडी काढून आम्ही उजेडात तिरपी धरली आणि रेघांवरून ओळखली. पियानोच निघाला, हे तुझ्या माहितीसाठी. चहा संपवून तो म्हणाला, "तुम्हाला या विकायच्या नाहीत. मला उगाच जिने चढवलेत." जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "पण हे शिवलंय कुणी?"

नवी, तू लग्न होऊन आमच्या घरात आलीस तो पहिला आठवडा तुला आठवतो का गं? मी दहा वर्षांची होते आणि धाकटा चार. बाबांनी सांगितलं होतं, हिला काय हाक मारायची ते तुम्ही ठरवा. मी काहीच ठरवलं नाही. धाकट्याला त्याच सुमारास नवी चप्पल आणि नवा डबा मिळाला होता, त्या ओघात तूही 'नवी' झालीस. पस्तीस वर्षं झाली, चपला किती झिजल्या, तू आपली नवी ती नवीच. आई गेल्यापासून ते कपाट कुणी उघडलंच नव्हतं. भिंतीची ओल आत शिरून कव्हरांचा लगदा झाला होता, बुरशीने ती एकमेकांना चिकटली होती. मी शाळेतून आले तर तू न्हाणीघरात बसली होतीस, टबात कोमट पाणी, साबणाचा फेस, आणि तू एकेक तबकडी मऊ ब्रशने घासत होतीस, तू कामाला होतीस त्या रुग्णालयाच्या शिवणखात्यात चादरींचे डाग काढावेत तशी. पाण्यावर लेबलांचे लाल, निळे, सोनेरी तुकडे तरंगत होते. भिंतीला टेकवून वाळत घातलेल्या त्या काळ्याभोर चकत्या बघून मी नुसती उभी राहिले. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुझा हात थांबला. काय झालंय, ते तुला तेव्हा कळलं.

संध्याकाळी बाबा येईपर्यंत तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. मी मात्र पुढच्याच खोलीत बसले होते. मला बघायचं होतं, बाबा काय म्हणतात. बाबांनी बूटही काढले नाहीत. एक तबकडी उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, पुष्कळ वेळ फिरवून बघितली आणि सुई टेकवली. आधी पाण्यात तापलेली कढई पडल्यासारखी चर्रर्र झाली, मग त्यातून आवाज वर आला, स्वच्छ, आई असतानाही कधी आला नव्हता असा. तू दाराशी येऊन विचारलंस, "म्हणजे चालतात?" बाबा छापखान्यात मुद्रितं तपासून आलेले, डोळे लाल झालेले. म्हणाले, "बरंच झालं. दिवसभर अक्षरं वाचतो, घरी तरी वाचायला काही नको." आणि तू रडता रडता हसलीस. तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग ओळखपरेड सुरू झाली. रोज थोड्या तबकड्या, प्रत्येकीची दोन्ही अंगं. बाबांनी आम्हाला शिकवलं, की उजेडात तिरपी धरली की तबकडी वाचता येते: आवाज चढतो तिथे रेघा करड्या, खरबरीत दिसतात, हळुवार गातात तिथे काळ्या आणि गुळगुळीत, आणि दोन गाण्यांच्या मधे केसाएवढी चकचकीत वाट असते. ओळख पटली की तू तिच्यासाठी कापड शोधायचीस. तू आयुष्यभर रुग्णालयाच्या उशांचे अभ्रेच शिवलेले, त्यामुळे यांनाही तू अभ्रेच म्हणालीस. बाबांचा फाटका चौकडीचा शर्ट. धाकट्याची शाळेची खाकी चड्डी. माझा ठिपक्यांचा फ्रॉक. खालच्या काकांनी टाकून दिलेली छत्री. आईच्या तपकिरी कोटाचं अस्तर काढायच्या आधी तू कोट हातावर घेऊन माझ्याकडे आलीस. "हे घेऊ का? तू नको म्हणालीस तर नाही घेणार." मी मान डोलावली. आईची आवडती गाणारी बाई तू त्या अस्तरात घातलीस आणि कोटाला दुसरं अस्तर लावून तो पुन्हा जागेवर टांगलास. पुढे कॉलेजला मी तोच घालून गेले. आजही त्या अभ्र्यात हात घातला की आधी थंडगार लागतं, मग हळूहळू हाताच्या उबेला येतं.

दुकानदार गेल्यावर आम्ही दोघं सगळे अभ्रे पुन्हा रचत होतो. हा बाबांचा, हा धाकट्याचा, हा माझा, असं चाललं होतं. रचता रचता धाकटा थांबला. म्हणाला, "थोरले, यात नवीचं एकही नाही." मी म्हटलं, असेल रे, नीट बघ. आम्ही सगळे पुन्हा पसरले. खरंच नव्हतं. छत्रीसुद्धा आहे, तू नाहीस. "नवीचे कपडे कधी फाटलेच नाहीत का?" तो म्हणाला, आणि मी कपाटाचे खण उघडून बघायला लागले.

कपाटाच्या खालच्या खणात ते पिवळं फडकं होतं. तबकडी लावायच्या आधी बाबा ज्याने पुसायचे ते, बाहेरून आत, गोल गोल, दुसऱ्या कुठल्या कापडाला हात लावू द्यायचे नाहीत. मी ते पुन्हा खणात टाकणार, इतक्यात बोटाला काहीतरी लागलं. काज होतं. कडेला एक काज, बारीक दाट टाक्यांचं, तुझ्या हातचं. मग मला तो पिवळा झगा आठवला. पहिल्या वर्षी तू घरात रोज तोच घालायचीस, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. टबाशी बसली होतीस तेव्हाही तोच होता. धाकट्याने ते फडकं नाकाशी नेलं. त्याला धुळीचा, मेणाचा आणि तबकड्या वाजतात त्या जुन्या लाकडी खोक्याचा वास येतो. म्हणजे बघ, या घरात एकही गाणं आधी तुझा हात फिरल्याशिवाय वाजलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सुई टेकवली. अस्तरातली बाई लावली. खरखर आली, आवाज आला, तिच्या श्वास घेण्याची ती बारीक चाहूलसुद्धा आली. तरी काहीतरी कमी होतं. धाकटा म्हणाला, सुई बदलायला हवी. सुई नाही गं. आतल्या खोलीतून मशीन ऐकू येत नव्हतं. तू जन्मभर म्हणालीस, "मला काय कळतंय गाण्यातलं," आणि तुझे पाय मात्र गाण्याच्या चालीने चालायचे. गाणं संथ असेल तर टीप संथ, गाणं धावायला लागलं की मशीनही खडखडत पळायचं, आणि बाजू संपली की आतलं मशीनही थांबायचं. बाबा विचारायचे, "आज काय शिवतेस?" तू म्हणायचीस, पडदा, की ते मोठं गाणं काढायचे. आमच्या कानात ती गाणी तुझ्या मशीनसकट बसली आहेत. म्हणूनच वर्षभर मी कपाट उघडत नव्हते. नुसतं गाणं ऐकायची मला भीती वाटत होती.

आता खरं काम सांगते. मी काल त्या दुकानदाराकडे जाऊन एक तबकडी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा, माझी अशी. लेबल शाबूत आहे, हिरवं. पण आपल्या घरात लेबलावरून कुणी ओळखत नाही. हिला अभ्रा हवा, आणि तो तुझ्या कपड्याचा हवा. करड्या फुलांचा तुझा झगा कोपराशी विरलाय, मी बघितलाय, तो चालेल. कापड टपालाने पाठवू नकोस. मला शिवता येत नाही हे तुला माहीत आहे, बटण लावलं तर शर्ट आखडतो. तुझ्या कानांचं मी बघते. म्हातारपणी आधी बारीक, वरचे आवाज जातात, खालचे पुष्कळ काळ सोबत राहतात. यंत्र लावू, आणि जे राहील ते खोक्यावर तळहात ठेवून ऐकशील. मी तुला तसं ऐकताना बघितलंय, कुणी नाही असं वाटून. आतल्या खोलीत फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आहेत. रंगाऱ्याने विचारलं, या रिकाम्या जागेत कपाट सरकवू का? मी म्हटलं, रिकामी नाही ती, तिथे मशीन असतं. रविवारी धाकटा टेम्पो घेऊन तुझ्या दारात उभा राहील आणि तुला विचारेल, "नवी, घरी येतेस ना?" त्याला मोठ्याने बोलायला सांगितलंय. तुझं उत्तर नेहमीचंच असू दे. फक्त या वेळी ऐकून म्हण.

तुझीच,
थोरली