घरीच थांबलेला उमेदवार

रविवार, ६ मार्च २०१६, क्लेमेंटी, सिंगापूर

लेक शाळेच्या प्रोजेक्टचं वाचून दाखवत होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले पक्ष अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचे, पण इच्छुक माणूस तिकडे फिरकायचा नाही. मला हवंय म्हणणं शोभायचं नाही. तो घरीच वाट बघायचा. मग मंडळी दारात येऊन निवड कळवायची.

"जस्ट आस्क, लाह!" ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि हसली.

मला सांगलीत एकटे राहणारे बाबा आठवले. फोनवर कधी "ये" म्हणत नाहीत. एकदा तरी म्हणावं, असं किती वाटतं मला! सकाळी एवढंच म्हणाले, "तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला." मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला.

तो पंखा डोक्यातून जात नाहीये. त्या खोलीत माझ्याशिवाय झोपतं कोण?