अभिप्राय: संमिश्र

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! वीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली, ऱ्हस्व-दीर्घ वेचता वेचता डोक्याचे केस पिकले, आणि आता कुणीतरी मला चक्क कादंबरी वाचायला ठेवून घेतलंय. ताई म्हणाली, हे म्हणजे मांजरालाच दुधाची राखण सांगितल्यासारखं झालं.

थरारकथांचे हे प्रसिद्ध लेखक गावाच्या टोकाला राहतात. तोंडावर मी त्यांना सर म्हणते. इथे वहीत लेखकराव. काम दोन महिन्यांचं. नवी कादंबरी लिहून होईल तसतसं एकेक प्रकरण वाचायचं आणि भीडभाड न ठेवता अभिप्राय द्यायचा. अट एकच: अभिप्राय हाताने लिहायचा, शाईने, निदान चार पानं. टाइप केलेल्या मतात माणूस दिसत नाही म्हणे. माझं अक्षर पाहून त्यांनी मनापासून दाद दिली. मी लाजले, खोटं कशाला बोलू!

खोली वरच्या मजल्यावर. टेबल ऐसपैस, खुर्ची जरा डुगडुगते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. स्वयंपाकाच्या मावशी घुम्या आहेत. चहाचा कप दाराबाहेर स्टुलावर ठेवतात आणि दोनदा टकटक करून जातात.

६ नोव्हेंबर, बुधवार

मानसशास्त्रीय थरारकथांचं आणि माझं नातं सासू-सुनेचं. पटत नाही, आणि एकमेकींवाचून करमतही नाही. पहिली शंभर पानं मी जीव टाकते. घरातली एखादी वस्तू जागची हलते, नवरा जरा जास्तच गोड बोलतो, एवढ्यावरही माझ्या अंगावर काटा येतो. शेवटाकडे मात्र हमखास माती खातात. सगळं तिच्या मनाचेच खेळ होते, असा शेवट असला की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं. बाईला वेडी ठरवलं की लेखक सुटला!

हे सगळं मी आज लेखकरावांना ऐकवलं. ते खूप हसले. मग त्यांनी विचारलं, की खुद्द मला कशाची भीती वाटते. रक्ताची नाही, भुताची तर नाहीच, मी म्हटलं. मी खरं बोलत असावं आणि माझ्याच माणसांनी समजुतीने मान डोलवावी, याची. त्यांनी ते लगेच टिपून घेतलं.

पहिलं प्रकरणही आजच वाचलं. एक प्रौढ बाई एका घरी वाचनाच्या नोकरीला येते. चला, आपल्यावरही कुणी लिहितंय! अभिप्राय: जिना छान उतरलाय, बाई मात्र फारच भोळी.

१० नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्या प्रकरणात बाईचा चष्मा हरवतो आणि फ्रिजमध्ये सापडतो. मी लिहिलं, युक्ती शिळी आहे, पानभर आधीच वास येतो.

आज सकाळी माझा चष्मा फ्रिजमध्ये होता. लोण्याच्या डब्यावर, नीट घडी घालून.

नाश्त्याला मी स्वच्छ सांगितलं, की प्रयोग माझ्यावर करायचे असतील तर निदान ताजे करा. लेखकराव हसले नाहीत. फार हळुवारपणे म्हणाले, चष्मा तुम्हीच ठेवलात, मावशींनी पाहिलंय. मावशींनी मान डोलवली. नजर फरशीवर.

मी टोस्टचा दुसरा तुकडा घेतला आणि सावकाश खाल्ला. त्यांना काय वाटलं, मी घास टाकून उठेन?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी ताईचा फोन आला. जिन्याखाली उभी राहून बोलले. ती आधीच रडत होती. माझं पत्र मिळालं म्हणाली.

मी पत्र लिहिलेलंच नाही.

तिने वाचून दाखवलं. मला भास होतात, मी वस्तू कुठेही ठेवते, सर देवमाणूस आहेत, तू येऊ नकोस. अक्षर माझंच आहे म्हणे. ‘ळ’ची शेपटी, ओळीखालचा ठिपका, सगळं. मी ओरडले नाही. शांतपणे सांगितलं, की हे पत्र माझं नाही.

त्यावर ती म्हणाली, “तू असंच म्हणशील, हेही त्यात लिहिलंय गं.”

शाईने, निदान चार पानं. दोन अभिप्रायांत मी त्याला नऊ पानं दिली आहेत. गिरवायला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरं प्रकरण: बाईच्या बहिणीला पत्र येतं. चार पानं लिहिली नाहीत. पाटीवर लिहावं तशी मोठ्या छापील अक्षरांत एकच ओळ लिहिली: लेखकाला कल्पनाशक्ती नाही म्हणून तो जिवंत माणसं वापरतो.

कागद त्याने मुठीत चुरगळला. रागाने. बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बॅग घेऊन भर दुपारी चालत बसस्थानकावर गेले. कुणी अडवलं नाही. तिकीट देणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. तिकीट नाही. बसा हं, म्हणाला, सरांची गाडी येईलच. बाकावरच्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. औषधांच्या दुकानदाराने माझी बॅग उचलली. सगळ्यांना सांगून ठेवलेलं. सगळे इतके चांगले! एकजण जरी वाईट वागला असता तर भांडता आलं असतं.

सरांच्या गाडीतून डॉक्टर आले. मी त्यांना तारीख, वार, सतराचा पाढा, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. ते म्हणाले, “शाबास.”

शाबास!

तिथेच माझा आवाज चढला. नको होता चढायला. बाकावरची बाई डोळे पुसत होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

माझं दार आता बाहेरून बंद असतं. माझ्याच भल्यासाठी.

मावशी चहा घेऊन आत आल्या, पहिल्यांदाच. मी विचारलं, खोटं का बोललात. त्यांनी कप टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “मीसुद्धा वाचायलाच आले होते. अकरा वर्षं झाली.”

त्यांच्याही अक्षरात घरी पत्रं गेली. त्यांचा भाऊ येऊन भेटून गेला, सरांचे पाय धरून रडला, आणि यांना इथेच ठेवून गेला. पहिली दोन वर्षं त्या भांडल्या. मग एक दिवस अभिप्रायात ‘उत्तम’ लिहिलं. तेव्हापासून त्रास नाही.

मी म्हटलं, मी लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, सगळ्याच असं म्हणतात.

सगळ्याच?

त्या कप उचलून निघून गेल्या.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मधली प्रकरणं सोडून थेट शेवटचं प्रकरण दाराखालून आलं. बाई शेवटी कबूल करते. सगळं तिच्या मनाचेच — तेच, तेच, जे मी पहिल्याच बुधवारी — आणि ती त्या घरात सुखाने राहते. खाली अभिप्रायासाठी जागा. सोबत चिठ्ठी: उद्या ताई येतेय. तिच्यासमोर एक शब्द लिहिला की झालं.

लिहिते तरीही. भीती वाटतेय आणि पुस्तक वाईट आहे. दोन्ही खरं.

२२ नोव्हेंबर, सकाळ

गाडी आली. खाली ताईचा आवाज. त्याचा आवाज, मऊ. ताई म्हणतेय, तुमचे उपकार —

त्याच्या कागदावर लिहिलं: शेवट खोटा. बाई वेडी नाही. लेखक भित्रा आहे. सही केली.

नंतर

मावशी आत आल्या. आतून कडी घातली. दाराला पाठ लावून खाली बसल्या, पाय पसरून. मला म्हणाल्या, पेन दे. माझ्या सहीखाली लिहितायत. अकरा वर्षांनी. अक्षर वेडंवाकडं, पण —

“उत्तम नाही,” लिहिलंय. “कधीच नव्हतं.”

आम्ही दोघी हसलो. मोठ्याने. हसायला नको होतं बहुतेक, बाहेर ऐकू —

जिन्यावर पावलं. तिघांची. ताई, डॉक्टर, तो.

कडी हलतेय. मावशी हलत नाहीत.

ताई हाक मारतेय, चिऊ, चिऊ, दार उघड गं. तापलेल्या पोराला हाक मारावी तशी. तो तिला सांगतोय की मी आता काय बोलेन. शब्द न् शब्द सांगतोय. आधीच.

बोलणारच. रडणार नाही, आवाज चढवणार नाही. तो म्हणाला तेच बोलेन, कारण तेच खरं आहे. ताई, ऐक, मी

बिजागरी —

ताई, मी